काळी खिडकी उघडली म्हणजे डॉस आलं का? मामांना समजवायला मदत करा

केतकी_नि
मंडळी, एक घरगुती वाद मिटवायचाय आणि एक खरोखरची अडचण पण आहे, दोन्ही एकाच धाग्यात टाकते.

माझ्या मामांचं इचलकरंजीत सुताचं दुकान आहे. १९९६ साली ओळखीतल्या एकाने त्यांना फॉक्सप्रो या डेटाबेसच्या भाषेत प्रोग्राम लिहून दिला, पार्टीचं नाव, काउंट, पोती, दर, दलाली, उधारी, सगळं त्यात. मामा माउसला हात न लावता नुसत्या एफ-कीजवर बिल काढतात, गिऱ्हाईक पैसे मोजेपर्यंत प्रिंटर वाजायला लागतो. गेल्या महिन्यात जुनं एक्सपीचं मशीन कायमचं गेलं. हार्डडिस्क वाचली, डेटा सुखरूप आहे. नवा पीसी आला, विंडोज ११. आता प्रोग्रामवर डबल क्लिक केलं की हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही असं सांगतो आणि बंद.

मी म्हटलं मामा, हा डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, नुसत्या कमांड टाइप करून चालवायच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रोग्राम आहे आणि विंडोजमध्ये आता डॉस नसतं. त्यांनी स्टार्टमध्ये सीएमडी टाइप केलं, काळी खिडकी उघडली आणि डीआयआर (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) मारलं. "अगं हाय की! ह्ये बघ, डीआयआर चाललं, सीडी चाललं, सीएलएस चाललं. मग डॉस न्हाई म्हंजे काय?" खरं सांगते, मला पटकन उत्तर देता आलं नाही. माझं रोजचं काम लिनक्सच्या टर्मिनलवर चालतं तरी नाही आलं. बरं मामा एकटे नाहीत. मामेभाऊ डिप्लोमाला आहे, तो मॅकवरच्या टर्मिनललाही डॉसच म्हणतो, आणि आमच्या ऑफिसात "जरा डॉस उघडून पिंग मार" हे अजून ऐकू येतं.

तर प्रश्न दोन. जे दिसायला हुबेहूब तेच आहे ते डॉस का नाही, हे साध्या माणसाला कसं सांगायचं? आणि प्रोग्राम चालेल का? बिल डॉट मॅट्रिक्सवर तीन प्रतींत निघायला हवं, त्याशिवाय मामांना चालणार नाही.

कंदीपेढा
डॉसबॉक्स टाका, विंडोजमध्ये खोटं डॉस मशीन उभं करणारा प्रोग्राम. पाच मिनिटांचं काम.

केतकी_नि
@कंदीपेढा, टाकलं. प्रोग्राम उघडतो, पण प्रिंट दिली की कुठे जाते तेच कळत नाही. आणि मामांचा प्रश्न उरतोच.

फ्लॉपीवाला
केतकीताई, मामा अर्धे बरोबर आहेत. आधी तेवढं त्यांना सांगा म्हणजे पुढचं ऐकतील.

मी १९९१ पासून बारा वर्षं कोल्हापुरात मशीनं उभी करायचं काम केलं. तेव्हासुद्धा आपण ज्याला डॉस म्हणायचो, म्हणजे ते सी:\> आणि पुढे लुकलुकणारी रेघ, ते खरं म्हणजे डॉस नव्हतं. तो कमांड.कॉम नावाचा एक प्रोग्राम होता, तुम्ही टाइप केलेलं वाचायचं आणि खाली पोचवायचं एवढंच त्याचं काम. खरं डॉस म्हणजे आयओ.सिस आणि एमएसडॉस.सिस या दोन लपवलेल्या फाइली. फाइल उघडणं, डिस्कवर लिहिणं, प्रिंटरला अक्षर पाठवणं हे त्या करायच्या. फॉरमॅट ए: /एस मारल्यावर शेवटी "सिस्टिम ट्रान्सफर्ड" यायचं आठवतंय का कुणाला, ती सिस्टिम म्हणजे या दोन फाइली आणि सोबत कमांड.कॉम.

आता विंडोज ११ च्या काळ्या खिडकीत जो बसलाय तो सीएमडी.एक्सई. तो पूर्ण वेगळा प्रोग्राम आहे, १९९३ ला विंडोज एनटी आलं तेव्हापासूनचा. त्याची भाषा मुद्दाम तीच ठेवली कारण तोवर जगभरच्या लोकांची बोटं डीआयआर आणि कॉपीला सरावली होती, जुन्या बॅच फाइलीही चालायला हव्या होत्या. पण त्याच्या खाली डॉस नाही, एनटीचं कर्नल, म्हणजे त्या सिस्टिमचा गाभा आहे.

मामांना दुकानाच्या भाषेत सांगा. काउंटर तसंच दिसतंय, काउंटरवरचा माणूसही तेच बोलतोय, पण मागचं गोडाऊन पार बदललंय. आणि तुमचा प्रोग्राम काउंटरवर कधी उभाच राहायचा नाही हो, तो थेट गोडाऊनात शिरून माल उचलायचा. नव्या गोडाऊनाचं दारच वेगळ्या बाजूला आहे, त्याला सापडणार कसं?

अमृता_टे
मला एक कळत नाही, नावावरून एवढं काय? आपण टपरीवर बिसलेरी मागतो आणि मिळेल ती बाटली घेतो, कुठल्याही मशीनवर काढलेल्या कॉपीला झेरॉक्स म्हणतो. काळ्या पडद्यावर टाइप करायच्या गोष्टीला लोक डॉस म्हणत असतील तर म्हणू देत की. भाषा अशीच बनते. टोकत बसलं की समोरचा माणूस प्रश्न विचारायचंच बंद करतो, हे मी स्वतः बघितलंय.

केतकी_नि
@अमृता_टे, टोकण्याबद्दल तुझं पटतं. पण बिसलेरी मागून दुसरं पाणी मिळालं तरी तहान भागते गं. मामांनी पीसी घ्यायच्या आधी दुकानदाराला विचारलं होतं, "डॉस हाय न्हवं ह्यात?" आणि तो हो म्हणाला. खोटं बोलला असं मी म्हणणार नाही, त्याच्याही डोक्यात काळी खिडकी म्हणजेच डॉस असणार. पण आठ दिवस बिलं हाताने लिहावी लागली.

@फ्लॉपीवाला, गोडाऊनचं उदाहरण आज रात्रीच फोनवर सांगते. फार आवडलं.

रानजाई
दुकानदारावरून आठवलं. माझ्या धाकट्या भावाने लातूरहून ऑनलाइन लॅपटॉप मागवला, सेलमध्ये चार-पाच हजारांनी स्वस्त होता. माहितीत लिहिलं होतं ऑपरेटिंग सिस्टिम: डॉस. त्याला वाटलं ते तर सगळ्यांतच असतं, विंडोजचा तो एक भाग. डबा उघडला, मशीन चालू केलं, काळा पडदा आणि एक ओळ. घरात शोककळा! बाबा म्हणाले परत पाठव, मशीन खराब आलंय. मशीन उत्तम होतं, त्यात फक्त विंडोज नव्हतं. पुढे मी त्यावर उबुंटू टाकून दिलं आणि आजतागायत तेच चालू आहे.

कंदीपेढा
@रानजाई, ते डॉस म्हणजे फ्रीडॉस. विंडोजच्या लायसनचे पैसे वाचवायचे म्हणून कंपन्या मशीनबरोबर ते देतात. आणि ते खरंखुरं डॉस आहे बरं का. मायक्रोसॉफ्ट डॉस सोडून विंडोजच्याच मागे लागणार असं दिसल्यावर १९९४ मध्ये जिम हॉल नावाच्या विद्यार्थ्याने ते सुरू केलं आणि २०२२ मध्ये त्याची १.३ आवृत्ती आली. म्हणजे सगळे विंडोजवाले आमच्याकडे डॉस आहे म्हणतात त्यांच्याकडे ते नाही, आणि तुझ्या भावाला जे मशीन खराब वाटलं त्यात ते होतं :)

मग केतकीच्या मामांना सरळ फ्रीडॉसच टाकून दिलं तर?

रात्रपाळी
@कंदीपेढा, नवीन पीसीवर अवघड. फ्रीडॉसला मशीन सुरू करणारं जुन्या पद्धतीचं बायोस लागतं, आताची बरीच मशीनं फक्त यूईएफआयवर, म्हणजे त्याच्या नव्या अवतारावर सुरू होतात. त्यात प्रिंटर यूएसबीवर असेल तर डॉसला तो दिसणारच नाही. शिवाय मामांना त्याच मशीनवर जीएसटी भरायचा असेल, व्हॉट्सॲप बघायचं असेल. डॉस एका वेळी एकच प्रोग्राम चालवतं.

छपाईचं उत्तर माझ्याकडे आहे, ड्यूटी संपल्यावर सविस्तर लिहितो.

टिंबटिंब
माझ्या मित्राला कॅम्पस इंटरव्ह्यूत विचारलं, डॉस अटॅक म्हणजे काय? तो म्हणाला समोरच्याच्या मशीनवर जाऊन फॉरमॅट सी: मारणे. घेणाऱ्या बाई खळखळून हसल्या आणि मग त्यांनीच नीट समजावलं की ते डिनायल ऑफ सर्व्हिस, एखाद्या सर्व्हरवर इतक्या मागण्या टाकायच्या की खऱ्या गिऱ्हाइकाला जागाच उरू नये. नोकरी मिळाली त्याला.

बार्शीकर_सर
या गोंधळात आम्हा शिकवणाऱ्यांचा वाटा मोठा आहे, त्यावर लिहायलाच हवं.

मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सी शिकवतो. कित्येक वर्षं लॅबमध्ये टर्बो सी होतं, तो निळा पडदा, कंट्रोल एफ९ मारून रन करायचं. ते मुळात डॉसचं सॉफ्टवेअर, नव्वदच्या सुरुवातीचं. चौसष्ट बिटांची मशीनं आल्यावर ते चालेना, मग कुणीतरी डॉसबॉक्समध्ये गुंडाळून दिलं आणि आम्ही पुढे चालू ठेवलं. मुलांना यातलं काही दिसत नाही. त्यांच्या दृष्टीने सी भाषा म्हणजे काळा पडदा, काळा पडदा म्हणजे डॉस, म्हणून सी डॉसवर चालते.

परिणाम सांगतो. प्रत्येक प्रोग्रामच्या वर कोनिओ.एच, आत सीएलआरएससीआर आणि शेवटी गेटसीएच, हे मुलं मंत्रासारखं पाठ करतात. हाच प्रोग्राम लिनक्सवर जीसीसी या कंपायलरला दिला की पहिल्याच ओळीला अडतो, कारण कोनिओ.एच हा सी भाषेचा भागच नाही, ती डॉसवरच्या कंपायलरांची सोय होती. एका मुलीने विचारलेला प्रश्न माझ्या कायम लक्षात राहिलाय. सर, मी इंटमध्ये ४०००० ठेवले तर छापताना -२५५३६ येतं, घरी भावाच्या लॅपटॉपवर ४०००० च येतं, माझं काय चुकलं? तिचं काहीच चुकलं नव्हतं. टर्बो सीमध्ये इंट १६ बिटांचा, म्हणजे ३२७६७ च्या पुढे गेला की उलटा फिरून वजामध्ये येतो, आणि घरच्या कंपायलरमध्ये ३२ बिटांचा. हे तिला समजावण्याआधी मला डॉसच्या काळातला प्रोसेसर समजावून सांगावा लागला. वर्गातला तो माझा सगळ्यात चांगला तास झाला. त्यानंतर आमच्या विभागाने टर्बो सी बंद केलं.

म्हणून अमृताताई, नाव काहीही असो हे मला पटत नाही. नाव चुकलं की माणूस उत्तर चुकीच्या जागी शोधत बसतो.

अमृता_टे
सर, हे उदाहरण पटलं. ज्याच्या पोटापाण्याचा किंवा अभ्यासाचा प्रश्न आहे त्याला फरक कळायलाच हवा. पण ऑफिसात कुणी डॉस उघड म्हटलं तर मी गप सीएमडी उघडणार, हे कायम :)

एफ_सहा
विंडोज ९५ आणि ९८ च्या वेळी मात्र लोक चुकत नव्हते हे पण नोंदवा. मेनूतच नाव होतं एमएस-डॉस प्रॉम्प्ट. ती विंडोज सुरूच डॉसवरून व्हायची. आणि ९८ ला शटडाउनमध्ये रिस्टार्ट इन एमएस-डॉस मोड होतं, ते केलं की खरं डॉस. सवय तिथून लागली. मग २००१ ला एक्सपी आली, ती एनटीच्या घराण्यातली, मेनूत कमांड प्रॉम्प्ट झालं, पण खिडकी काळीच राहिली, तोंडात नाव तेच राहिलं.

सोनटक्का
तुम्ही लोक एक्सटी विसरलात, आयबीएमची ती जुनी पीसी. चालू केलं की आधी तारीख विचारायचं, मग वेळ. आत घड्याळाची बॅटरीच नसायची बऱ्याच मशीनांत. आमच्या क्लासमध्ये सगळे दोनदा एंटर मारून पुढे जायचे आणि महिनाभराच्या सगळ्या फाइलींवर १-१-१९८० तारीख.

लेखणी
एक्सटी निघालं म्हणून माझीही एक आठवण. १९९२ मध्ये मी सरकारी कचेरीत टंकलेखक होते. तिथे आलेल्या पीसीत सी-डॅकचं जिस्ट कार्ड होतं. बाकी सगळं डॉसच, पण ते कार्ड असलं की डीबेससारख्या साध्या डेटाबेस प्रोग्राममध्येसुद्धा थेट मराठी टाइप करता यायचं, इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर. पडद्यावर पहिल्यांदा "श्री" नीट जुळलेला दिसला तेव्हा मी शेजारच्या दोघींना हाक मारून दाखवला होता. आज घरच्या नव्या लॅपटॉपवर त्या काळ्या खिडकीत डीआयआर केलं तर मराठी नावाच्या फाइलींच्या जागी चौकोन दिसतात. डॉसमध्ये जमत होतं ते इथे अजून धड जमू नये याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फ्लॉपीवाला
@लेखणी, जिस्ट! काय आठवण काढलीत. कार्ड बसवताना स्लॉट आणि ॲड्रेस जुळवायला जीव जायचा, पण चाललं की बघत राहावं असं.

मधुमालती
मला कुणीतरी सांगा, ते कॉन नावाचं फोल्डर बनत नाही हे खरं आहे का? एक मेल फिरायची बघा, एका भारतीयाने शोध लावला, मायक्रोसॉफ्टची अख्खी टीम चक्रावली वगैरे. आत्ता करून बघितलं, विंडोज ११ वर पण बनत नाहीये!

फ्लॉपीवाला
@मधुमालती, बनत नाही हे खरं, शोध वगैरे काही नाही. कॉन म्हणजे कन्सोल, कीबोर्ड आणि पडदा मिळून. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हतेच, त्यामुळे यंत्रांना दिलेली नावं सगळीकडे राखीव, कॉन, पीआरएन, एयूएक्स, एनयूएल, पुढे कॉम१, एलपीटी१. कॉपी कॉन बिल.टीएक्सटी असं म्हटलं की कीबोर्डवरून येईल ते फाइलीत जायचं, शेवटी एफ६ आणि एंटर. ही पद्धत त्याच्याही आधीच्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिमवरून आलेली. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने ती नावं पुढे तशीच राखीव ठेवली. विंडोज ११ मध्ये डॉस नाही, पण डॉसने घालून दिलेले नियम असे अजून आहेत. ड्राइव्हला ए, बी, सी म्हणायची पद्धत पण सीपी/एमचीच.

इतिहास निघालाच आहे तर हेही. टिम पॅटरसनने १९८० मध्ये सिॲटल कम्प्युटर प्रॉडक्ट्ससाठी क्यूडॉस लिहिलं, म्हणजे क्विक अँड डर्टी, घाईत कशीबशी उरकलेली ऑपरेटिंग सिस्टिम. मायक्रोसॉफ्टने ती १९८१ मध्ये विकत घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टात ती आयबीएम पीसीबरोबर बाजारात आली. फोल्डर १९८३ च्या २.० मध्ये आले. तोवर साधी तिरकी रेघ कमांडच्या पर्यायांसाठी वापरून झाली होती, डीआयआर /डब्ल्यू मधली, म्हणून फोल्डरसाठी उलटी रेघ घ्यावी लागली. युनिक्समध्ये १९७० च्या दशकापासून सरळ रेघ. केतकीताई, तुमची बोटं रोज ऑफिसात सरळ आणि मामांकडे उलटी रेघ शोधतात त्याचं मूळ इथे आहे.

रात्रपाळी
आलो. छपाईच्या आधी टर्मिनल म्हणजे डॉस म्हणणाऱ्या मामेभावासाठी थोडं, कारण ते चुकल्याची किंमत मी मोजलीय.

डॉस आणि लिनक्स दोन्हीकडे फाइंड आहे, पण डॉसचा फाइंड फाइलीच्या आतला मजकूर शोधतो आणि लिनक्सचा फाइल शोधतो. टाइप डॉसमध्ये फाइल पडद्यावर दाखवतो, बॅश या लिनक्सच्या शेलमध्ये, म्हणजे कमांड वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये, एखादी कमांड कुठली आहे ते सांगतो. नुसतं सीडी मारलं तर डॉसमध्ये तुम्ही कुठे आहात ते छापून येतं, लिनक्समध्ये गपचूप होम फोल्डरला नेऊन सोडतं. तारे तर भयंकर. डॉसमध्ये ताऱ्याचा अर्थ ती कमांड स्वतः लावते, म्हणून आरईएन *.टीएक्सटी *.बीएके केलं की सगळ्या फाइलींची नावं बदलतात. लिनक्समध्ये शेल आधीच ताऱ्याच्या जागी खरी नावं भरून मोकळं होतं, कमांडला तारा दिसतच नाही. पहिल्या नोकरीत मी याच सवयीने एमव्ही *.लॉग *.ओल्ड मारलं. त्या फोल्डरात एकच लॉग आणि आधीची एकच ओल्ड फाइल होती. म्हणजे शेलने वाचलं, या लॉगला त्या ओल्डचं नाव दे. आदल्या महिन्याच्या नोंदी गेल्या, एका क्षणात, काही न विचारता. डॉसमध्ये निदान पुसलेल्या फाइलीच्या नावाचं पहिलं अक्षरच खोडलं जायचं, अनडिलीट मारलं की पहिलं अक्षर कोणतं ते विचारून बऱ्याचदा परत मिळायची. मी त्या रात्री अनडिलीट शोधत बसलो होतो.

आता मामांचा प्रोग्राम. एक्सपीवर तो चालायचा कारण त्यात एनटीव्हीडीएम होतं, विंडोजच्या पोटात उभं केलेलं खोटं डॉस मशीन. ते प्रोसेसरच्या ज्या सोयीवर उभं होतं ती सोय प्रोसेसर ६४ बिटांच्या पद्धतीत चालवला की मिळत नाही. म्हणून ६४ बिटांच्या विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम नाही आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटांचीच येते. कुणी ३२ बिटांची विंडोज १० टाका असं सुचवेल, त्यात ते होतं, पण तिचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला, धंद्याच्या मशीनवर नको.

उपाय डॉसबॉक्सच, पण डॉसबॉक्स-एक्स नावाचा. मूळ डॉसबॉक्स गेम खेळणाऱ्यांसाठी बनवलाय, छपाईची व्यवस्था त्यात नाही. एक्समध्ये पॅरलल पोर्टला फाइल जोडता येते. म्हणजे फॉक्सप्रो समजतो मी एलपीटी१ वर छापतोय आणि प्रत्यक्षात सगळं एका फाइलीत साठतं, प्रिंटरला द्यायच्या बारीक अक्षरांच्या खुणांसकट. मग डॉट मॅट्रिक्स विंडोजमध्ये शेअर करायचा आणि सीएमडीतून कॉपी /बी, ती फाइल, पुढे \\मशीनचं नाव\प्रिंटरचं नाव. /बी विसरू नका, त्याने फाइल जशीच्या तशी जाते. एवढी ओळ बॅच फाइलीत घालून डेस्कटॉपवर ठेवा.

आणि प्रोग्रामच्या फोल्डरची आधी पूर्ण कॉपी करून पेन ड्राइव्हवर घ्या. डीबीएफ, म्हणजे डेटाच्या फाइली लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडतात, त्यात जाऊन शेवटचं बिल तरी तपासून घ्या.

कंदीपेढा
मामांसाठी एक छोटी परीक्षा. काळ्या खिडकीत एमईएम (मेमरी दाखवणारी कमांड) मारायला सांगा. डॉसमध्ये ६४० केचा हिशोब यायचा. आणि विंडोज ११ वर टर्मिनल उघडलं की बहुतेक पॉवरशेल येतं, ते सीएमडीहून वेगळंच, तिथे डीआयआर चालतं पण डीआयआर /डब्ल्यू मारलं की सी:\डब्ल्यू नावाची जागा सापडत नाही म्हणून लाल अक्षरांत ओरडतं. कारण तिथे डीआयआर हे दुसऱ्याच एका कमांडला दिलेलं टोपणनाव आहे.

केतकी_नि
चार दिवसांनी लिहितेय, शनिवारी इचलकरंजीला जाऊन आले.

आधी गोडाऊन सांगितलं. मामा ऐकून घेत होते पण चेहऱ्यावर पटल्याचं दिसेना. मग एमईएम मारायला सांगितलं. त्यांनी मारलं, आणि ती लांबलचक ओळ आली, अमुक हे इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड म्हणून ओळखलं गेलं नाही वगैरे. मामा पडद्याजवळ सरकले. म्हणाले, "ह्ये असं न्हवतं म्हणत त्ये. त्ये म्हणायचं बॅड कमांड ऑर फाइल नेम." तिथे पटलं! बाकी कशानेही नाही. १९९६ ला शिकताना दिवसातून पन्नास वेळा ती ओळ बघितलेली, ती त्यांच्या डोक्यात कोरलेली होती. मग स्वतःच म्हणाले, "म्हंजे माणूस बदललाय, भाषा आपली शिकून आलाय."

@रात्रपाळी, दादा, तुमच्या सांगण्याप्रमाणे सगळं केलं. पहिल्या बिलाला कागद अर्ध्यावर थांबला, पान पुढे सरकवायची खूण जात नव्हती असं वाटलं, पण मीच पोर्टला जोडलेली फाइल बंद व्हायच्या आधी कॉपी मारत होते. टाइमआउट दिला आणि तीन प्रती खडखडत बाहेर आल्या. शेजारच्या दुकानातले काका आवाज ऐकून बघायला आले. मामांनी पहिलं बिल मला दिलंय, ४० काउंटची दोन पोती, गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी माझं नाव.

फ्लॉपीवाला
वाचून डोळे भरून आले. मामांना माझा नमस्कार सांगा. आणि त्या प्रोग्रामच्या पीआरजी, म्हणजे मूळ कोडच्या फाइली असतील तर जपून ठेवा, नुसती एक्सई असेल तर पुढे बदल करता येत नाहीत.

केतकी_नि
आहेत काका! एका फ्लॉपीवर होत्या, तिचं लेबल मामांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं. फ्लॉपी वाचायला मशीन कुठे मिळेल हे बघतेय.

फ्लॉपीवाला
यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह माझ्याकडे आहे, चालू. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कोल्हापुरात घेऊन या.

पंढरीनाथ_ख
धागा आत्ता वाचला. आमच्या पतपेढीत क्लिपर या फॉक्सप्रोसारख्याच भाषेतला ठेवींचा प्रोग्राम आहे, चार मशीन एकाच डेटावर. डॉसबॉक्स-एक्समध्ये चौघांनी एकदम नोंद केली तर चालेल का?

रात्रपाळी
@पंढरीनाथ_ख, त्यात फाइल लॉकिंगची, म्हणजे एकाच नोंदीवर दोघांनी एकदम लिहू नये याची सोय आहे पण तिची सेटिंगं आधी तपासून घ्या, आणि पतपेढीच्या खऱ्या डेटावर थेट प्रयोग करू नका. डेटाची कॉपी दोन मशीनवर घ्या, एकच खातं दोघांनी एकाच वेळी उघडून बघा. काय होतं ते नव्या धाग्यात लिहा, मी येतो तिथे.